देवदारांच्या रानातले चर्च : एका सकाळची फेरी

हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे ते दलाई लामांमुळे. आपली माणसे बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून येतात आणि सवड व पैसा जमला तर कोणी धर्मशाळेपर्यंतही जातात. तेथील विहार पाहतात, लोकरीची शाल घेतात आणि परततात. पण गावाच्या वरच्या अंगाला, मॅक्लोडगंजहून फोर्सिथगंजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, देवदारांच्या दाट रानात एक जुने दगडी चर्च आहे. तिकडे आपल्यापैकी फारसे कोणी वळत नाही. ते चर्च पाहण्याजोगे आहे आणि पाहता पाहता विचार करण्याजोगेही आहे. म्हणून ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही म्हणजे मुंबईच्या एका वसाहतीतील पाच कुटुंबे. लहानमोठे धरून सतरा माणसे. सर्वांत धाकटी सात वर्षांची मुलगी आणि सर्वांत वडील सत्तरीच्या आजी. रेल्वेने पठाणकोट गाठायचे आणि तेथून बसने धर्मशाळा, असा प्रवास. नोव्हेंबर महिना होता. पाऊस सरलेला, आकाश निवळलेले आणि समोर धौलाधारची बर्फाळ रांग अशी स्वच्छ, की हात लावावा असे वाटे. मंडळींतील एक काका रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या गळ्यात जुना कॅमेरा, बाकीच्यांच्या खिशात मोबाईल. काकांनी आदल्या रात्रीच फर्मान काढले, "उद्या पहाटे सहाला निघायचे. फोटो काढायचे तर उजेड कोवळा असतानाच. दहा वाजता उन्हात डोळे मिचकावून काढलेले फोटो घरी पुष्कळ आहेत!"

अरण्यातला योहान

मॅक्लोडगंजच्या चौकातून उतरत्या रस्त्याने निघाले की चर्च एक-दीड किलोमीटरवर लागते. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लोड यांच्या नावावरून मॅक्लोडगंज आणि फोर्सिथ नावाच्या कमिशनरावरून फोर्सिथगंज. गंज म्हणजे बाजारपेठ. गोऱ्या साहेबांच्या नावापुढे आपला देशी गंज जोडून ही गावे झाली. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे दोन हजार मीटर. पहाटे तोंडातून वाफ निघत होती आणि मुलांना त्याचीच मौज वाटत होती.

चर्चचे नाव 'सेंट जॉन इन द विल्डरनेस', म्हणजे अरण्यातला संत योहान. येशूला बाप्तिस्मा देणारा हा योहान अरण्यात राहून उपदेश करी, असे ख्रिस्ती बांधव मानतात. येथील रान पाहिले म्हणजे हे नाव किती शोभते ते कळते. चहूबाजूंनी देवदारांचे सरळसोट बुंधे, पायाखाली सुकलेल्या सुयांसारख्या पानांचा थर आणि मध्ये करड्या दगडाची बसकी इमारत. ती १८५२ साली बांधली गेली. टोकदार कमानी, जाड भिंती, उतरते छप्पर. सूर्य डोंगराआडून वर येण्यास वेळ होता, त्यामुळे सारे निळसर दिसत होते. कोणी मोठ्याने बोलेना. सात वर्षांच्या मुलीनेही आईच्या कानाशी लागून विचारले, "इथे कोण राहतं?"

काकांनी सर्वांना रांगेत उभे केले नाही. ते म्हणाले, "आधी एक चक्कर मारा. कॅमेरा खिशातच राहू द्या. काय बघितले ते मला सांगा, मग फोटो काढा." ही सूचना आम्हांला फार आवडली. आजकाल आपण पाहण्याआधी फोटो काढतो आणि घरी आल्यावर फोटोत पाहतो, की आपण काय पाहिले!

मनोरा नसलेले चर्च

चक्कर मारून आल्यावर एका मुलाने विचारले, "काका, चर्चला उंच मनोरा असतो ना? इथे तर घंटा बाहेर अंगणात आहे."

मुलाची नजर नेमकी होती. या चर्चला मनोरा होता. ४ एप्रिल १९०५ रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास कांगडा खोऱ्यात भयंकर भूकंप झाला. म्हणजे आम्ही फिरत होतो त्याच वेळेला. माणसे अंथरुणात होती, कोणी चूल पेटवीत होते, कोणी गुरे सोडीत होते. काही क्षणांत धर्मशाळा आणि कांगडा जमीनदोस्त झाले. कांगड्याचे मंदिर पडले, किल्ला पडला. सुमारे वीस हजार माणसे दगावली. त्या कल्लोळात या चर्चची मुख्य इमारत टिकली, पण घंटेचा मनोरा कोसळला. पुढे १९१५ साली लंडनच्या ओतशाळेत ओतलेली नवी घंटा आली आणि ती अंगणात टांगली गेली. मनोरा पुन्हा झाला नाही.

मुलांनी घंटेचे फोटो काढले. घंटेमागे उजेड होता म्हणून घंटा काळी येऊ लागली. काकांनी दाखवले, "मोबाईलच्या काचेवर काळ्या भागाला बोट लाव, बघ उजळते की नाही. आणि काच आधी पुसून घे, तुझ्याच श्वासाची वाफ बसली आहे." थंडीत मोबाईलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून काम नसेल तेव्हा तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा, हीही त्यांचीच शिकवण.

भूकंपात एवढी माणसे का मेली, असे मुलांनी विचारले. या भागातील जुनी घरे दगडमातीची आणि वर पाटीच्या दगडाचे छप्पर. धर्मशाळेजवळ खनियारा येथे या दगडाच्या खाणी आहेत. हा दगड पापुद्र्यांनी निघतो, म्हणून त्याची कौले करतात. आपल्या घरात ज्या पाटीवर पहिले अक्षर गिरवले गेले तिचीच ही जात. भिंत हलली की असे जड छप्पर झोपलेल्या माणसांवर येते. डोक्यावर निवारा म्हणून घेतलेला दगडच काळ झाला. आजींनी हे ऐकून रस्त्यापलीकडच्या एका जुन्या छपराकडे बराच वेळ पाहिले.

नावे असलेले दगड

चर्चच्या आवारात दफनभूमी आहे. त्या भूकंपात मेलेले काही लोक येथे विसावले आहेत. दगडांवर शेवाळ चढलेले, काही कललेले. सूर्य आता झाडांच्या मधून तिरका येऊ लागला होता. काका म्हणाले, "दगडावरची अक्षरे वाचायची तर हीच वेळ. ऊन बाजूने पडले की खोदलेल्या रेघेत सावली बसते आणि अक्षर उठून दिसते. समोरून ऊन आले की सगळा दगड सपाट." खरोखर, आदल्या क्षणी कोरा वाटणारा दगड उन्हाची तिरीप येताच बोलू लागला. मुलांना बजावले, की अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू फासू नये, शेवाळ खरवडू नये, थडग्यावर पाय देऊ नये. मेलेला माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याची आब राखावी.

इंग्रजी वाचू शकणारी मुले वये वाचून दाखवू लागली. तरुण माणसे फार, लहान बाळेही. घरापासून हजारो कोस दूर येऊन येथे मातीला मिळालेली. साहेबांच्या राज्याविषयी आपले मत काहीही असो, बाळ गमावलेल्या आईचे दुःख कळायला भाषा लागत नाही. पण त्याच सकाळी मेलेल्या त्या हजारो कांगडी माणसांचे काय? खेड्यांतला शेतकरी, खाणीतला मजूर, डोंगरात मेंढरे चारणारा गद्दी, त्यांची नावे कोणत्या दगडावर आहेत? दुःखाला कातडीचा रंग नसतो. नोंदीला मात्र असतो.

चर्चच्या मागच्या बाजूला सर्वांत मोठे स्मारक आहे. ते लॉर्ड एल्जिन यांचे. जेम्स ब्रूस, एल्जिनचे आठवे अर्ल, हे १८६२ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. दौऱ्यावर असताना डोंगरात त्यांची प्रकृती बिघडली आणि २० नोव्हेंबर १८६३ रोजी धर्मशाळेत ते वारले. वय अवघे बावन्न. येथेच त्यांना पुरले. त्यांच्या पत्नीने चर्चला बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या दिल्या, त्या आजही आहेत. बाहेरून या खिडक्या काळपट दिसतात, पण आत जाऊन पाहिले की उजेड काचेतून गाळून येतो आणि येशू व योहान रंगांत उभे राहतात. ती प्रार्थनेची जागा, म्हणून आत कोणी फोटो काढायचा नाही असे आम्ही आपसांत ठरवले होते. नुसते बसून पाहिले.

या घराण्याची थोडी माहिती मुलांना सांगितली. एल्जिन यांच्या वडिलांनी ग्रीस देशातील अथेन्सच्या प्राचीन देवळावरची शिल्पे उतरवून इंग्लंडला नेली. ती आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागतो आहे. खुद्द या एल्जिन यांनी १८६० साली चीनच्या युद्धात पेकिंगजवळचा बादशहाचा ग्रीष्म महाल जाळण्याचा हुकूम दिला. आणि त्यांचे चिरंजीव, नववे अर्ल, १८९४ ते १८९९ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. हे ऐकल्यावर मुली स्मारकाजवळ सरकल्या. दूरच्या रानातला हा दगड एकाएकी आपल्या घराशी जोडला गेला.

आजी स्मारकाच्या पायरीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बायकोनं नवऱ्यासाठी केलं म्हणता, चांगलं केलं. ज्याला जमतं त्यानं करावं."

एवढेच बोलून त्या थांबल्या. त्यांच्या घरची गोष्ट आम्हां सर्वांना ठाऊक आहे. आजोबा गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, काम गेले, पुढे काही वर्षांत तेही गेले. त्यांचा घरात एकही फोटो नव्हता. लग्नातही कोणी काढला नव्हता. शेवटी गिरणीच्या गेटपासावरचा नखाएवढा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. तो इतका विटका आला, की थोरल्या मुलाने ओळखले आणि धाकट्याने नाही. तोच फोटो आज भिंतीवर आहे. आजींच्या नातवंडांना आजोबा म्हणून तेवढेच ठाऊक.

रस्त्याकडेला दोन बाया

नऊच्या सुमारास आम्ही आवाराबाहेर आलो. रस्त्याच्या कडेला एक तिबेटी बाई टोपलीत जाड, गोल रोट्या विकत होत्या. पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, हातात माळ. आम्ही रोट्या घेतल्या आणि तेथेच कठड्यावर बसून चहाबरोबर खाल्ल्या. मोबाईल सरसावलेल्या एका मुलाला काकांनी अडवले, "आधी विचार. माणूस म्हणजे चर्च नव्हे, त्याला हो-नाही म्हणता येतं." मुलाने विचारले. बाई हसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "आधी खाऊन घ्या, मग काढा."

त्यांची हिंदी पहाडी वळणाची, आजींची मुंबईची. तरी दोघींचे जुळले. बाई सांगू लागल्या, की १९५९ नंतर त्यांचे आईवडील तिबेट सोडून आले तेव्हा त्या तान्ह्या होत्या. आल्यावर काम मिळाले ते डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडण्याचे. आई पाठीला मूल बांधून दगड फोडी. वडील तेथेच आजारी पडून गेले. मग चार-पाच वर्षांची असताना कोणी तरी त्यांना धर्मशाळेत मुलांच्या वसतिगृहात आणून पोचवले.

ही एकट्या त्या बाईंची गोष्ट नव्हे. त्या वर्षांत हजारो तिबेटी निर्वासित हिमालयातील रस्त्यांवर मजुरी करीत होते. १७ मे १९६० रोजी जम्मूकडील अशाच रस्त्याच्या छावण्यांतून एकावन्न मुले धर्मशाळेत आणली गेली. आजारी, उपाशी. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ सुरू केला. त्यातूनच पुढे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. ती या चर्चच्या वरच्या अंगाला, दल सरोवराजवळ आहे. स्वतः दलाई लामाही १९६० सालीच मसुरीहून येथे राहण्यास आले. भूकंपानंतर कचेऱ्या खाली गेल्या होत्या, स्वातंत्र्यानंतर साहेब लोकही गेले होते आणि मॅक्लोडगंज ओस पडले होते. ते ओस गाव या निर्वासितांनी पुन्हा वसवले.

आजींनी सारे ऐकून घेतले आणि आपला तळवा पुढे केला. म्हणाल्या, "मी पण फोडलीय खडी. बहात्तरच्या दुष्काळात. लग्नाला वरीस झालं नव्हतं. दिवसभर दगड फोडायचा, रात्री हाताला भोकं. ढीग मोजून पैसे मिळायचे." आमच्यातील एकीने हिंदीत समजावून सांगितले. तिबेटी बाईंनी आजींचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिले, वैद्याने पाहावे तसे. मग म्हणाल्या, "माझ्या आईलाही इथेच दुखायचं. मरेपर्यंत."

आम्ही गप्प झालो. समोर दीडशेहून अधिक वर्षांचे दगडी चर्च, त्यामागे व्हाइसरॉयचा दगड, आणि रस्त्याकडेला, दगड फोडणाऱ्यांच्या घरांतल्या दोन बाया. एक सातारकडची, एक तिबेटमधली. ज्या रस्त्यांवरून आपली बस डोंगर चढते ते रस्ते फोडलेल्या खडीवरच उभे आहेत. पण खडीवर कोणी नाव खोदत नाही.

काकांनी विचारले, "आजी, तुम्हा दोघींचा फोटो काढू?" एरवी फोटो म्हटला की पदर तोंडावर घेणाऱ्या आजी चटकन् सरळ बसल्या. पदर नीट केला. तिबेटी बाईंनी माळ मांडीवर ठेवली. उजेड आता बाजूने येत होता, दगडावरची अक्षरे उठवणारा तोच उजेड. दोघींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याने स्पष्ट केल्या. काकांनी तीन फोटो घेतले.

आजी म्हणाल्या, "नुसता फोटो नको. खाली नाव लिही. माझं, माझ्या बापाचं, गावाचं. आणि ह्यांचंही लिही." वही निघाली. आजींनी सावकाश सांगितले, मुलीने लिहून घेतले. तिबेटी बाईंनी वही मागून घेतली आणि आपले नाव आपल्या लिपीत स्वतः लिहिले. ती लिपी मुलांनी प्रथमच पाहिली. वरून रेघ, खाली लोंबणारी अक्षरे. "आपल्यासारखीच दिसते!" असे एकजण म्हणाला. ते खरेच आहे, कारण तिबेटी लिपीही आपल्या देवनागरीप्रमाणे भारतातील ब्राह्मी लिपीच्या घराण्यातली. बाईंनी आजींना एक रोटी जास्त दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

वाचकांना एक विनंती

मुंबईला परतल्यावर काकांनी त्या फोटोच्या तीन प्रती कागदावर काढून आणल्या. एक आजींच्या घरी आजोबांच्या फोटोशेजारी लागली. एक टपालाने धर्मशाळेला गेली. तिसरी वसाहतीच्या वाचनालयात आहे. तिच्या मागे दोघींची नावे, गाव, जागा आणि तारीख लिहिलेली आहे.

वाचकहो, धर्मशाळेला जाणे झाले तर त्या चर्चला जरूर जा. सकाळी लवकर जा, ऊन तिरके असताना. घंटा पाहा, काचा पाहा, दगडांवरची नावे वाचा. ज्यांनी ते दगड वाहून आणले त्यांचीही आठवण काढा. पण तेथवर जाणे सर्वांनाच जमेल असे नाही आणि या कामाला त्याची गरजही नाही.

आपल्या घरी पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बममध्ये, मोबाईलमध्ये शेकडो फोटो असतील. त्यातील किती जणांची नावे आज सांगता येतात? चवदार तळ्याला गेलेले आजोबा, खाणीत, गिरणीत, बंदरात, झाडूखात्यात राबलेले काका-मामा, खडी फोडलेल्या आया, ही माणसे फोटोत आहेत, पण त्यांना ओळखणारे डोळे एकेक करून मिटत आहेत. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परक्याचा होतो. तेव्हा या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसा, एकेक फोटो पुढे धरा, आणि नाव, गाव, काम, साल विचारून घ्या. कागदी फोटो असेल तर मागे पेन्सिलीने हळू लिहा, शाईने नको, ती पुढून उमटते. मोबाईलमधला असेल तर निवडून एक तरी प्रत कागदावर काढा. ज्यांचा एकही फोटो नाही त्यांचे नाव वहीत लिहा आणि त्यांनी काय काम केले तेही त्यापुढे लिहा.

हे काम मुलांकडून करून घ्यावे. त्यांचे अक्षर चांगले असते आणि लिहिलेले त्यांच्या लक्षात राहते.